मेणवली, सातारा, औंध: डोंगरालगतची छोटी संग्रहालयं गाडीने निवांत बघायची असतील तर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमका रस्ता कुठला धरायचा?

पुण्याहून निघालात की खंबाटकी घाट चढायचा, सुरूर फाट्यावरून वाईला वळायचं, वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथून परत महामार्गावर येऊन साताऱ्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी रहिमतपूरमार्गे औंध, हे अंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वेळ असेल तर औंधहून खाली कऱ्हाड, नाहीतर आल्या वाटेने परत. नकाशावर हा सगळा फेरा एका दिवसात बसतो आणि तिथेच लोक फसतात. सकाळी सहाला निघून रात्री दहाला घरी, असा बेत करून आलेल्यांना औंधमध्ये पोचल्यावर संग्रहालय बंद व्हायला वीस मिनिटं उरलेली असतात. दोन रात्री बाहेर काढायची तयारी असेल तरच निघा.

संग्रहालयं बघायला गाडी काढायची? एवढं काय आहे तिथे?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण मुंबईचं मोठं संग्रहालय शाळेच्या सहलीत पळत बघितलेले असतात. त्यांचंही चुकत नाही. चाळीस मुलांची रांग, मागून बाई ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणतायत, अशात कुणालाच काही दिसत नाही.

लहान गावातल्या संग्रहालयाचा स्वभाव वेगळा असतो. ते बहुतेक वेळा एका माणसाच्या हौसेतून उभं राहिलेलं असतं, आणि त्या माणसाची आवडनिवड, त्याच्या ओळखीपाळखी, कधीकधी त्याचा हट्टही, सगळं त्या दालनांमध्ये दिसतं. औंधला गेल्यावर तुम्ही चित्रं बघता, तितकेच ती जमवणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी बघता. मला विचाराल तर या रस्त्यावर एकच ठिकाण असं आहे की ज्यासाठी घरातून निघावं, ते म्हणजे औंध. बाकीची ठिकाणं वाटेत लागतात म्हणून बघायची, आणि ती चांगली आहेत हे आपलं नशीब.

औंधचं संग्रहालय उभारलं कुणी?

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. जन्म १८६८चा, गादीवर आले १९०९ साली, गेले १९५१ साली. श्रीभवानी चित्रसंग्रहालय सुरू झालं १९३८मध्ये.

प्रतिनिधी हे छत्रपतींच्या वतीने कारभार बघणारं पद, राजाराम महाराजांच्या काळातलं. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आलं. हे घराणं मूळचं कोरेगावजवळच्या किन्हईचं. किन्हईला त्यांचा वाडा आहे आणि गावालगतच्या डोंगरावर साखरगडनिवासिनीचं देऊळ आहे. साताऱ्याहून कोरेगावकडे जाणार असाल तर आत वळायला हरकत नाही.

आता भवानराव. आपल्याकडे संस्थानिक म्हटलं की शिकार, मोटारी आणि विलायतेच्या वाऱ्या एवढंच डोळ्यांपुढे येतं. हा माणूस स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा आणि रोज सूर्यनमस्कार घालायचा. नुसता घालून थांबला नाही, प्रजेनेही घालावेत म्हणून शाळाशाळांतून त्याने ते सुरू केले. आज देशभर सूर्यनमस्कार ज्या प्रकारे माहीत आहेत, त्यात औंधचा वाटा फार मोठा आहे. रामायणावर स्वतः काढलेल्या चित्रांचं पुस्तक त्यांनी १९१६ साली छापलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं तेव्हा लाख रुपये देऊ केले ते यांनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं तेही यांनीच, आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधला राहून स्वाध्याय मंडळ चालवत होते, ते याच आश्रयावर. सातवळेकर स्वतःही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

एवढ्याशा संस्थानात, तेही दुष्काळी भागात, इतका व्याप करणारा माणूस डोंगरावर संग्रहालय बांधतो तेव्हा ते दिवाणखान्याची सजावट म्हणून बांधत नाही. युरोपातल्या नावाजलेल्या शिल्पांच्या प्रतिकृती त्यांनी इथे आणून ठेवल्या. रोम किंवा पॅरिस बघायची सोय खटाव-माणच्या शेतकऱ्याला कुठून असणार? निदान ती शिल्पं तरी डोंगरमाथ्यावरच्या यमाई देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसाला दिसावीत, असा त्यामागचा विचार असावा असं मला वाटतं. देवीच्या वाटेवरच संग्रहालय बांधणं हे काही उगाच झालेलं नाही.

आत नेमकं काय बघायचं? सगळं बघून होईल का?

होणार नाही, आणि सगळं बघायला जाऊही नका. पहाडी आणि राजस्थानी शैलीची लघुचित्रं आहेत, बंगाल शैलीची चित्रं आहेत, हस्तिदंत आणि चंदनावरचं कोरीवकाम आहे, विसाव्या शतकातल्या मराठी चित्रकारांचं काम आहे, शिल्पं आहेत. आधी एक चक्कर सरळ मारून या, कुठेही न थांबता. मग जे डोक्यात राहिलं असेल त्याच्याकडे परत जा.

माझं सांगायचं तर पहिला तास रविवर्म्यासाठी राखून ठेवावा. राजा रविवर्मा आपल्या घरांत पोचला तो छापील चित्रांमधून. १८९४ साली त्याने मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत, दुकानांत, दिनदर्शिकांवर जाऊन बसल्या. त्यामुळे आपल्याला वाटतं की रविवर्मा आपण बघितलाय. छापाच्या चित्रात लक्ष्मीच्या साडीचा रंग सपाट असतो. औंधला त्याच्या हातच्या तैलचित्रासमोर जरा तिरके उभे राहा म्हणजे उजेड कॅनव्हासवरून घसरत जातो. जरीच्या काठावर रंगाचे छोटे छोटे उंचवटे दिसतात, पण जरीची नक्षी अशी काढलेलीच नाही. पिवळ्याचे चारदोन ठिपके टाकलेत, बाकीची जर आपला डोळा विणतो. दोन पावलं मागे या, पुन्हा जर. पुढे जा, पुन्हा ठिपके. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि त्यासाठी चित्रकलेतलं काही कळावं लागत नाही.

जमलं तर दिवसाउजेडी, ऊन चांगलं असताना जा. दालनांत वरून येणारा नैसर्गिक उजेड हे या इमारतीचं वैशिष्ट्य आहे, ढगाळ संध्याकाळी त्याची मजा जाते.

हेन्री मूरचं शिल्प खरंच औंधमध्ये आहे?

आहे. ‘आई आणि मूल’. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं काम खटाव तालुक्यात आहे, हे पुण्यातल्या कलाशिक्षकांनाही सांगून खरं वाटत नाही. लंडनच्या बागांत असतात तसा अवाढव्य पुतळा डोळ्यांपुढे आणून शोधायला लागलात तर शेजारून निघून जाल. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, ते नेऊन दाखवतात.

राजाने स्वतःहून राज्य सोडून दिलं, ही गोष्ट खरी का?

बरीचशी खरी. १९३९च्या जानेवारीत औंधने नवी राज्यघटना लागू केली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. गांधीजींनी तिच्या घडणीत लक्ष घातलं होतं. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा अभियंता आणि बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत या दोघांनी त्यासाठी खटपट केली. आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. संस्थान केवढं, तर बहात्तर गावांचं. तीही सलग नव्हती, मुख्यतः आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत इकडेतिकडे विखुरलेली. आटपाडी त्यातच, कुंडलही त्यातच. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा भागात इंग्रजांना न जुमानणारं प्रतिसरकार चाललं, त्यात कुंडलचं नाव किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली. शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय, शेती करत राहायचे. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला बीज इथूनच मिळालं. ग. दि. माडगूळकरही औंध संस्थानातलेच, औंधच्या शाळेत शिकलेले.

एवढं वाचून गेलात तर संग्रहालयातल्या वस्तू जास्त बोलतात. न वाचता गेलात तर राजाचा संग्रह म्हणून बघून याल.

संग्रहालयापर्यंत गाडी जाते का? वर यमाईपर्यंत चढावं लागतं?

संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या, म्हणजे मूळपीठाच्या, मध्यावर आहे, तिथवर गाडी जाते. वर देवीकडेही रस्ता आहे आणि पायऱ्याही आहेत. गुडघे धड असतील तर संग्रहालयापासून पुढे पायऱ्यांनी चढा, कारण मध्ये थांबून मागे वळलं की भोवतालचा मुलूख उघडा पडतो. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, बसलेली आणि चांगली मोठी. गावातही यमाईचं देऊळ आहे, त्याच्यासमोरची दीपमाळ मान मोडेपर्यंत बघावी लागते एवढी उंच.

मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्र-यात्रेचे दिवस टाळलेत तर गर्दी लागत नाही. अर्थात यमाई तुमची कुलदेवी असेल तर तुम्हाला हे सांगणारा मी कोण.

डोंगराचा आणि या सगळ्याचा संबंध काय?

पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीने ढग तिथेच अडवले की पूर्वेकडे उरतं ते फार थोडं. खटाव-माण हा कायमचा दुष्काळी पट्टा. वाईहून औंधकडे गाडी चालवताना हे डोळ्यांनी दिसतं: आधी कृष्णाकाठचा ऊस आणि हळद, मग कोरेगावकडचा घेवडा, मग ज्वारी, मग उघडे माळ आणि टेकड्यांवर पवनचक्क्या. हे सगळं जेमतेम दोन तासांच्या रस्त्यात. वाईत नदीला घाट आणि सावकारांचे वाडे, औंधच्या बाजूला माथ्यावरची देवी आणि बाहेरगावी पोट भरायला गेलेली माणसं, यामागे हा पाऊसच आहे. म्हणून म्हणतो, गाडी ऐंशीच्या वर नेऊ नका.

वाघनखं साताऱ्यात आहेत का?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी दिलेली वाघनखं जुलै २०२४मध्ये पहिल्यांदा साताऱ्यातच ठेवली होती. नंतर ती राज्यातल्या दुसऱ्या संग्रहालयांत गेली. फक्त त्यासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करून निघा. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच का, हा वाद तुम्ही वाचला असेल. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती विलायतेत गेली एवढं नक्की, त्यापलीकडे खात्री देता येत नाही असं खुद्द लंडनचं संग्रहालयच म्हणतं.

वाघनखं नसली तरी छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जा. नवी इमारत एसटी स्टँडजवळ आहे. तलवारी, दांडपट्टे, चिलखतं, वस्त्रं, कागदपत्रं. दांडपट्ट्याजवळ जरा रेंगाळा. मूठ नीट बघितली की कळतं, तलवारीसारखी ती बोटांनी धरायची नाही. हात कोपराकडे सरकवून लोखंडी खोळीत घालायचा आणि आतला आडवा दांडा पकडायचा. मनगट वळवायला वावच नाही, सगळा वार खांद्यातून. मर्दानी खेळांत हे पातं गरगर फिरताना बघितलं असेल तर त्या मुलामुलींबद्दलचा आदर इथे दुप्पट होतो.

साताऱ्यात पूर्वी दुसरं संग्रहालय होतं ना?

होतं, इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचं. वाईजवळच्या बावधनचा हा माणूस, जन्म १८७०. जुने कागद, चित्रं, नकाशे मिळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नाना फडणवीसांचं मेणवली दप्तर, म्हणजे कारभाराची जुनी कागदपत्रं, त्यांनीच हाती लावलं. संग्रहासाठी साताऱ्यात इमारत उभी राहिली, पण १९२६मध्ये पारसनीस गेले आणि १९३९ साली संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथल्या मराठा इतिहास संग्रहालयात तो आहे. म्हणजे साताऱ्याचं पाऊण वैभव बघायला येरवड्याच्या बाजूला जावं लागतं. सातारकरांपुढे हा विषय काढू नका, जेवण थंड होईल.

मेणवलीचा वाडा हे संग्रहालय आहे का?

पाटी लावून, लेबलं लावून ठेवलेलं संग्रहालय म्हणाल तर नाही. नाना फडणवीसांचा वाडा आहे, अठराव्या शतकातला, चौकामागे चौक, लाकडी खांब, काही भिंतींवर जुनी चित्रं. कुठल्या खोल्या उघड्या असतील ते त्या दिवसावर. मागच्या बाजूने कृष्णेच्या घाटावर उतरता येतं.

घाटावर छोट्या मंडपात एक घंटा टांगलेली आहे, ती बघितल्याशिवाय निघू नका. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा. शिवाच्या देवळाशेजारी, पेशवाईच्या कारभाऱ्याच्या घाटावर पोर्तुगीज मेरी! कुणी तो आकडा खरवडला नाही की मूर्ती झाकली नाही. काचेच्या पेटीतल्या पुष्कळ वस्तूंपेक्षा ही घंटा मला जास्त मोलाची वाटते.

सिनेमावाल्यांचं हे लाडकं ठिकाण, त्यामुळे कधी चित्रीकरण चालू असेल तर घाट बंद मिळतो.

वाईत आणखी काही?

ढोल्या गणपती सगळेच करतात. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावातून चालवलं, हे मुलांना सांगा. वाईहून साताऱ्याला जाताना लिंब फाट्यावरून आत जाऊन बारामोटेची विहीर बघा. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी बांधून घेतलेली, विहिरीच्या पोटात चक्क दालन असलेली. उन्हाळ्यात दुपारी तिथून उठावंसं वाटत नाही.

महाबळेश्वर-पाचगणी जोडावं का?

नको.

आणि कास पठार?

फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्ट-अखेरपासून सप्टेंबरभर, शनिवार-रविवारी साताऱ्यात राहायला जागा मिळणं मुश्कील. कास हवं असेल तर आगाऊ नोंदणी करून आठवड्याच्या मधल्या वारी जा, आणि तो दिवस वेगळा धरा.

कोणत्या वारी निघावं?

शनिवारी. रविवारी औंध. सोमवारी मात्र नको, सातारा आणि औंध ही दोन्ही राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत आणि सरकारी संग्रहालयं साधारण सोमवारी बंद असतात. सरकारी सुट्टीलाही तीच गत. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात, निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. तिकीट काढायला सुटे पैसे ठेवा.

वयस्कर आई-वडील बरोबर आहेत. जमेल?

जमेल, उलट त्यांनाच जास्त आवडेल. मेणवलीला घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, त्यांना वरच बसवा. औंधला गाडी दारापर्यंत. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा आणि दुपारी पाठ टेकायला जागा बघून ठेवा. अजिंक्यतारा किल्ल्यावर संध्याकाळी गाडीने जाऊन साताऱ्याचे दिवे लागताना दाखवा, आजोबा मंडळी खूश होतात.

लहान मुलं कंटाळतात, काय करावं?

प्रत्येकाला एक वही-पेन्सिल द्या आणि सांगा, आवडलेल्या एकाच वस्तूचं चित्र काढायचं. फोन गाडीत. अर्ध्या तासात जी शांतता पसरते ती घरी कधी अनुभवायला मिळत नाही. लेबलं मोठ्याने वाचून दाखवायचा मोह मात्र आवरा.

फोटो काढू देतात का?

दारात विचारा. नियम बदलत असतात. ‘नाही’ म्हणाले तर हुज्जत घालू नका.

राहायचं-जेवायचं कुठे?

राहायचं साताऱ्यात. औंधला देवस्थानाची सोय असते, पण भरवसा ठेवून जाऊ नका. औंध परिसरात दुपारी दोननंतर जेवण मिळेलच असं नाही. भाकरी, पिठलं, खर्डा, कांदा मिळाला की देवाचे आभार मानून बसा. वाटेत कोरेगावच्या बाजारात वाघ्या घेवडा घ्या, भौगोलिक मानांकन मिळालेला आहे आणि आमटी जी होते ती होतेच. कंदी पेढे साताऱ्यात शेवटच्या दिवशी घ्या, आधी घेतलेत तर गाडीतच संपतात.

गाडी नाही. एसटीने होईल?

होईल, पण औंधच्या गाड्यांच्या वेळा साताऱ्याच्या स्टँडवर आधीच विचारून घ्या. पुणे-मिरज लोहमार्गावर रहिमतपूर स्टेशन आहे, तिथून पुढे वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खाजगी जीप.

औंधला गाण्याचा कार्यक्रम असतो तो कधी?

अश्विन वद्य पंचमीला. गायक अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला. दिवाळीच्या आधी आठवडा-दीड आठवडा येतो. सकाळी संग्रहालय आणि मग गाणं, असा योग जुळवता आला तर मुक्कामाची सोय महिनाभर आधी करा.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर?

कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांचं ‘विरंगुळा’ हे घर आहे. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे, तेही फार लांब नाही. त्यापुढे कोल्हापूर. तिथल्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. रोमन व्यापाराच्या ओघात समुद्राचा हा देव घाट चढून पंचगंगेकाठी आला. पण कोल्हापूर हे लहान गाव नाही, तिथे अर्ध्या दिवसात भागत नाही, आणि तांबडा-पांढरा समोर आल्यावर संग्रहालयाची आठवण कुणाला राहते! दिवस एकच असेल तर कऱ्हाडहूनच मागे फिरा. परतताना खंबाटकीचा बोगदा लागायच्या आधी, रविवारी संध्याकाळी, आनेवाडी टोलपासूनच गाड्या तुंबतात. सोमवारी पहाटे निघालात तर दहाच्या आत पुण्यात.